मोठ्या डिस्कवरून छोट्या एसएसडीवर

जुन्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि तुम्ही आणलीत २४० जीबीची एसएसडी. त्यात तुमचं लिनक्स मावेल का? डिस्क केवढी आहे ते सोडा, भरलीय किती ते बघा. ९० जीबी भरली असेल तर खुशाल मावेल. 'डीडी'ने जशीच्या तशी नक्कल मात्र करू नका. ती रिकामी जागाही उतरवत बसते आणि एसएसडी भरली की अर्ध्यावर थांबते.

पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने लॅपटॉप सुरू करा. जीपार्टेडने एसएसडीवर नवी पार्टिशन्स करा (यूईएफआय असेल तर छोटं ईएफआय पार्टिशनही) आणि 'आरसिंक'ने फाइली उतरवा, मालकी-परवानग्यांसकट.

बहुतेक जण अडकतात ते यापुढे. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी वेगळा असतो. 'एफएसटॅब' फाइलमध्ये जुन्याच्या जागी तो लिहा, मग 'सीएचरूट' करून ग्रब पुन्हा बसवा. हे राहिलं तर फाइली सगळ्या असूनही लॅपटॉप सुरू होणार नाही. घाबरू नका, पेन ड्राइव्ह परत लावून दुरुस्त करता येतं.

जुनी डिस्क लगेच पुसायला घेऊ नका. आधी ती काढून ठेवा, नुसत्या एसएसडीवर आठवडाभर काम करा आणि मुलांचे फोटो एकदा उघडून बघा.