जट की गुंता?

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली मान तिरकी करून बसलेली बाई. तिच्या डोक्यावर जट! वेल्हे तालुक्यातल्या (आता राजगड) एका वाडीत आम्ही हे पाहिले. बाळंतपणात विंचरायचे राहिले, गुंता झाला. शेजारणी म्हणाल्या, "देवी आली." मग कंगवा बंद, वर हळद-कुंकू. नऊ वर्षे ते ओझे मानेवर.

भगिनींनो, गळलेले केस, तेल, धूळ, घाम यांचा तो गोळा. लांब केसांच्या मांजरीच्या पोटाखालीही असाच होतो. तिची कोणी ओटी भरत नाही! याच जटेपायी आपल्या कितीतरी मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या.

आजारपणातही रोज विंचरा. गुंता लहान असेल तर खोबरेल चोळून बोटांनी मोकळा करा, कंगवा टोकाकडून लावा. जुनी जट ओढू नका, कात्रीने जपून कापा. जखम दिसली तर दवाखाना गाठा. पुण्यात अंनिसच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो जटा काढल्या आहेत.

"कापली तर धनी जाईल," म्हणून बाई रडत होती. धनीच कात्री घेऊन पुढे आला. डोके धुतल्यावर तिने मान दोन्हीकडे वळवून पाहिली.