वाटेला दोष देण्याआधी

गोल्फच्या रेंजवर चेंडूंचे पैसे पडतात, सल्ला फुकट मिळतो. कुणाचा चेंडू उजवीकडे वळत झाडीत गेला, की शेजारच्या मॅटवरून निदान ठरलेलं: ‘‘स्विंग बाहेरून आत येतोय तुमचा. आतून बाहेर मारा.’’ (डावखुऱ्यांनी पुढच्या सगळ्या दिशा उलट्या वाचाव्यात, त्यांना सवय असते.)

या सल्ल्यामागचा पूर्वपक्ष असा: क्लब ज्या वाटेनं येतो त्या वाटेनं चेंडू निघतो आणि क्लबफेस जिकडं बघत असेल तिकडं तो शेवटी वळतो. तेव्हा वाट सुधारा, फटका सुधारेल. कित्येक पिढ्या हेच शिकल्या.

पण हे मुळातच उलटं आहे. 1968 साली कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात खरा प्रकार मांडला गेला होता. पुढं ट्रॅकमनसारख्या रडारयंत्रांनी तो फटक्यागणिक मोजून दाखवला. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेनं. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा साधारण 85 टक्के धरतात. वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळं. पटत नसेल तर झाडाआड उभे राहा. जुन्या नियमानं फेस झेंड्याकडं ठेवा आणि झाडाच्या उजवीकडून स्विंग करा. चेंडू झाड चुकवून डावीकडं वळायला हवा. तो बहुधा खोडावर आपटेल.

मग वाट बिनमहत्त्वाची का? मुळीच नाही, वळणाच्या हिशेबात तीही आहेच. माझं म्हणणं एवढंच, की हौशी खेळाडूची वाकडी वाट हा बहुतेक वेळा मूळ आजार नसून शरीरानं त्यावर काढलेला तोडगा असतो. फेस उघडा राहतो, चेंडू उजवीकडं पळतो, म्हणून माणूस डावीकडं नेम धरतो. खांदे उघडतात, क्लब आणखी डावीकडं ओढला जातो, फेस आणि वाट यांच्यातलं अंतर वाढतं आणि स्लाइस अधिकच फोफावतो. अशा माणसाला फेस तसाच ठेवून ‘आतून बाहेर’ मारायला लावलं, तर चेंडू उजवीकडं निघून आणखी उजवीकडं जाईल. तीन बादल्या चेंडू मारून तो जुन्या स्विंगकडं परततो. त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून आधी ग्रिप. डावा हात किंचित उजवीकडं फिरवा. वरून पाहताना त्याची दोन-तीन बोटपेरं दिसली पाहिजेत. मग सात नंबरच्या आयर्ननं अर्धेच स्विंग, चेंडू डावीकडं वळू लागेपर्यंत. तो डावीकडं जायला लागला की शरीराला डावीकडं ओढण्याचं कारणच उरत नाही. त्यानंतर खांदे तपासा, चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, जरा मागं हेडकव्हर ठेवा. क्लब बाहेरून आला तर तो त्याला लागतोच. आता हा सराव कामाचा आहे; आधी नव्हता.

‘‘पण स्विंग सुबक नको का?’’ जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेनं जातो आणि भलताच वळसा घेऊन खाली येतो. त्याच स्विंगवर त्यानं 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये 58 ची फेरी खेळली. चेंडू फेसवर असतो तो सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. त्या क्षणी फेस आणि वाट यांचं नातं दर वेळी तेच असलं की झालं. सातत्य म्हणतात ते हेच. ते फोटोत दिसत नाही.

या सगळ्याच्याही आधी करायची गोष्ट अगदीच घरगुती आहे. ड्रायव्हरच्या फेसवर टाल्कम पावडर लावा आणि ठसा कुठं उमटतो ते बघा. चेंडू हीलकडं, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागत असेल, तर फेस आणि वाट सरळ असूनही तो उजवीकडं वळतो. परवा शेजारच्या मॅटवरच्या एका काकांना मी डबा दिला. सहापैकी पाच ठसे हीलला. त्यांची वाट मात्र दोन वर्षं दुरुस्त होत होती.