मुरूम, शेड आणि रस्ता एकाच बिलात टाकू नका



आपल्या भागात धंद्यासाठी जागा घेतली की पहिला खर्च मुरमाचा असतो. वरोरा-भद्रावतीकडे काळी माती, मूल-सिंदेवाही-आरमोरीकडे धानाची बांधी. भरणी केल्याशिवाय पाया घेता येत नाही. मग भरणी, शेड, बोअर, आतला रस्ता असं सगळं काम आपण एकाच ठेकेदाराला देतो आणि तो शेवटी एका ओळीचं बिल हातात ठेवतो: "जागा विकास, ८ लाख."

माझं मत असं आहे की ही एक ओळ फार महाग पडते. डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, हे मार्चमध्ये सीएने बघायचं काम आहे असं आपण समजतो. खरं तर तुम्ही कोटेशन घेता त्याच दिवशी ते ठरून जातं.

नियम साधा आहे. आयकर कायद्यात घसारा इमारत, मशिनरी, प्लँट, फर्निचर अशा गोष्टींवर मिळतो. जमिनीवर मिळत नाही, कारण जमीन झिजत नाही असं कायदा मानतो. म्हणून नुसत्या जमिनीच्या भरणीचा आणि सपाटीकरणाचा खर्च जमिनीच्या किमतीत जातो आणि त्यावर घसारा शून्य. पण आयकर नियमांत "इमारत" या शब्दात रस्ते, पूल, मोऱ्या, विहिरी आणि ट्यूबवेलही धरल्या आहेत. कारखान्याच्या आवारातले रस्ते इमारतीतच येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये ग्वाल्हेर रेयॉनच्या प्रकरणात सांगितलं. राहण्याचं घर सोडून इतर इमारतींचा दर १० टक्के, साध्या मशिनरीचा १५ टक्के. ताडोबाच्या गेटजवळ कोणी निव्वळ तात्पुरतं लाकडी बांधकाम केलं तर ४० टक्के.

आता तेच ८ लाख वेगळे करून बघा:

- भरणी व सपाटीकरण: १,५०,०००. घसारा शून्य.
- शेड: ४,००,०००. घसारा ४०,०००.
- आतला काँक्रीट रस्ता: १,००,०००. घसारा १०,०००.
- बोअर: १,००,०००. घसारा १०,०००.
- पंप: ५०,०००. घसारा ७,५००.

पहिल्या वर्षी ६७,५०० रुपये नफ्यातून वजा होतात. एका ओळीच्या बिलात यातलं काय जमिनीचं आणि काय इमारतीचं, हे सिद्ध करता करता सीएच्या नाकी नऊ येतात.

वेळेचंही गणित आहे. मालमत्ता त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी दर निम्मा होतो. आपल्याकडे पावसाळ्यात बांधकाम थांबतं आणि उद्घाटन दिवाळीच्या मुहूर्तावर होतं. दिवाळीपासून ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरतच नाहीत, म्हणजे ६७,५०० चे ३३,७५० झाले. उरलेली रक्कम बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते. पण नव्या धंद्याला पैशाची चणचण पहिल्याच वर्षी असते. शक्य असेल तर काम उन्हाळ्यात उरका आणि सप्टेंबरपर्यंत वापर सुरू करा.

तिसरी गोष्ट रोखीची. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही. शेडवाल्याला ६० हजार रोख दिले की तेवढ्यावरचा घसारा कायमचा गेला. यूपीआय किंवा बँकेतूनच द्या.

जमीन वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर साधा का होईना, लेखी भाडेकरार करा. बिलं तुमच्या नावाने आणि पैसे तुमच्या धंद्याच्या खात्यातून गेले पाहिजेत. भाड्याच्या इमारतीत केलेल्या बांधकामावर आणि सुधारणेवरही, इमारत आपलीच असल्यासारखा घसारा मिळतो. पण कागद नसेल तर हक्क सांगणार कशाच्या जोरावर?

काही जण म्हणतील, मग मुरूम पण शेडच्या बिलातच दाखवू. तसं करू नका. पायासाठीचं खोदकाम आणि भरणी इमारतीच्या खर्चात येऊ शकते, अख्ख्या प्लॉटची नाही. मुरमाचं खरं बिल जपून ठेवा. उद्या जागा विकली तर तो सुधारणा खर्च म्हणून किमतीत धरता येतो.

नियम मला पूर्ण पटतो असं नाही. अमेरिकेत कुंपण, पार्किंग, फुटपाथ अशा जमिनीवरच्या सुधारणांना १५ वर्षांचा वेगळा गट आहे. काळ्या मातीवरची भरणी पावसात खचते, पुन्हा मुरूम टाकावा लागतो. असा वेगळा गट आपल्याकडेही हवा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे नंबर बदलले, पण जमिनीला घसारा नाही हे तत्त्व तेच राहिलं.

अंदाजित नफ्याच्या योजनेत (जुन्या कायद्यातलं ४४एडी) असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही, तो मिळाला असंच धरतात. तरी बिलं वेगळी ठेवा, कारण पुढे त्या योजनेतून बाहेर पडलात तर शिल्लक किंमत त्यावरूनच काढावी लागते.

आणि फक्त टॅक्स वाचवायला शेड बांधू नका. गरज असेल तरच बांधा, पण ठेकेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी पाच ओळींचं कोटेशन मागा आणि ते सीएला दाखवा.