कोळशाचा खडा आणि मालकीचा प्रश्न

पर्यावरणाचे राजकारण डावे-उजवे या जुन्या भेदाच्या पलीकडचे आहे, असे आपल्याच वर्तुळातील काही सुशिक्षित स्नेही अलीकडे मोठ्या विश्वासाने सांगू लागले आहेत. दाखला म्हणून ते बहुधा स्वीडनकडे बोट दाखवितात. तेथील हरित पक्ष, त्याचे तरुण नेते, २०१७ चा हवामान कायदा यांचा उल्लेख आदराने होतो. हा आदर सर्वस्वी अनाठायी आहे असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. परंतु दाखला द्यावयाचा तर तो संपूर्ण द्यावा. त्या पक्षाचे एक नेते गुस्ताव फ्रिडोलिन यांनी हाती धरलेल्या एका कोळशाच्या खड्याचे पुढे काय झाले, हे पाहावे आणि मग डावे-उजवे हा भेद खरोखरच मिटला की नुसता झाकला गेला, हे वाचकांनीच ठरवावे.

फ्रिडोलिन यांचा जन्म १९८३ चा. १९८० च्या अणुविजेवरील सार्वमतानंतर, १९८१ मध्ये पेर गार्टन प्रभृतींनी हरित पक्ष स्थापन केला होता. एक स्त्री व एक पुरुष असे दोन प्रवक्ते नेमावयाचे, एकमुखी पुढारीपण टाळावयाचे, असा या पक्षाचा दंडक. व्यक्तिपूजेने पोखरलेल्या आपल्या राजकारणाने त्यापासून जरूर शिकावे. फ्रिडोलिन शाळकरी वयातच या चळवळीत आले, २००२ मध्ये एकोणिसाव्या वर्षी संसदेत निवडून गेले, एक मुदत संपताच २००६ मध्ये स्वखुशीने खुर्ची सोडून पत्रकारितेत गेले, २०१० मध्ये परतले आणि २०११ मध्ये पक्षाचे प्रवक्ते झाले. माणूस सच्चा आहे. म्हणूनच त्यांचे अपयश व्यक्तीचे मानून सोडून देता येत नाही. ते विचारसरणीचे अपयश आहे.

वाटेनफाल ही स्वीडिश सरकारच्या संपूर्ण मालकीची वीज कंपनी. या शतकाच्या आरंभी तिने पूर्व जर्मनीतील लुसेशिया प्रदेशातील तपकिरी कोळशाच्या खाणी आणि त्यांवरील वीजकेंद्रे ताब्यात घेतली. या केंद्रांतून बाहेर पडणारा कार्बन वायू सबंध स्वीडन देशाच्या वार्षिक उत्सर्जनाहून अधिक होता. मायदेशी स्वच्छ वीज आणि परदेशी धूर, असा हा व्यवहार. २०१४ च्या निवडणूक प्रचारात फ्रिडोलिन यांनी दूरचित्रवाणीवर कोळशाचा एक खडा हातात धरून दाखविला आणि हा कोळसा जमिनीखालीच राहिला पाहिजे, असे मतदारांना सांगितले. त्या निवडणुकीत पक्षाला ६.९ टक्के मते मिळाली. स्टेफान लोव्हेन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक सरकारात तो प्रथमच सामील झाला आणि फ्रिडोलिन शिक्षणमंत्री झाले.

पुढे काय झाले? २ जुलै २०१६ रोजी त्याच सरकारने त्या खाणी व ती केंद्रे विकण्यास मान्यता दिली. घेणारे होते ई.पी.एच. हा चेक भांडवलदारी समूह आणि त्याची भागीदार गुंतवणूक संस्था. खाणींसोबत जमीन पूर्ववत करण्याच्या जबाबदाऱ्या होत्या, म्हणून विकणाऱ्यानेच वर मोठी रोकड मोजून दिली. कोळसा जमिनीखाली राहिला नाही; त्याचा फक्त मालक बदलला. वाटेनफालच्या वहीतील उत्सर्जन मात्र झपाट्याने घटले. विटाळ गेला, धूर राहिला!

यावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, पक्ष सरकारातील धाकटा भागीदार होता. खरे आहे. परंतु नफेखोर शाळा-कंपन्यांच्या नफ्याला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये याच सरकारने संसदेत नेला आणि तेथे तो पराभूत झाला. तो पराभव सन्मानाचा होता, कारण लढाई झाली होती. कोळशाच्या बाबतीत सरकार स्वतःच मालक होते आणि लढाईच झाली नाही.

दुसरे उत्तर असे की, विजेचे भाव पडले होते. तोट्यातील धंदा सरकारने किती काळ चालवावा? प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्याने या युक्तिवादाची त्याला चांगली ओळख आहे. बंद करण्याचा खर्च समाजाच्या माथी नको म्हणून मालमत्ता विकावयाची, तर नवा मालक ती कशासाठी घेतो? चालविण्यासाठी, किंवा बंद करण्याची किंमत वसूल करण्यासाठी. येथे दोन्ही घडले. खाणी चालू राहिल्या. आणि जर्मनीने २०३८ पर्यंत कोळसा सोडण्याचा कायदा २०२० मध्ये केला, तेव्हा नव्या मालकाच्या कंपनीसाठी पावणेदोन अब्ज युरोपर्यंतची भरपाई ठरली. सार्वजनिक पैसा अखेर गेलाच. फक्त तो खाजगी तिजोरीत गेला.

तिसरे उत्तर असे की, दुसरा मार्गच नव्हता. तेही खरे नव्हे. मालकी ठेवून खाणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे वेळापत्रक आखता आले असते. सुमारे साडेसात हजार कामगारांना पर्यायी रोजगाराची हमी देता आली असती. ग्रीनपीस या संघटनेनेही २०१५ मध्ये, एका प्रतिष्ठानाकडे या खाणी सोपवून त्या क्रमाने बंद कराव्यात, अशी सूचना केली होती. विक्रीच्या प्रक्रियेत तिला थारा मिळाला नाही. मार्ग होते, मालक म्हणून निर्णय घेण्याची हिंमत नव्हती.

आणि २०१७ चा कायदा? २०४५ पर्यंत स्वीडनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे त्याचे ध्येय स्तुत्य आहे. परंतु तो मुख्यतः देशाच्या सीमेच्या आतला धूर मोजतो. लुसेशियाचा धूर त्या हिशेबात आधीही नव्हता आणि नंतरही आला नाही.

मात्र येथे आपण टाळ्या पिटून थांबू नये. त्या खाणी ज्या काळात वाढल्या त्या काळात त्या सार्वजनिक मालकीच्याच होत्या. सोर्ब या अल्पसंख्य जमातीचे होर्नो हे गाव त्यांपैकीच एका खाणीसाठी उठविले गेले. सरकारी कंपनीने बाजारभावाने नफा मिळवावा, अशी अपेक्षा स्वीडनच्या संसदेनेच तिच्याकडून ठेवली होती. मालकी जनतेची आणि कारभार सावकाराचा, असे असेल तर मालकीने काय साधते? सार्वजनिक मालकी ही आपल्याला पवित्र वाटते. पण तिच्यावर लोकांचे, कामगारांचे आणि उठविल्या जाणाऱ्या गावांचे नियंत्रण नसेल तर ती नुसती पाटी होय. हा दोष हरितांचा नव्हे, तो समाजवाद्यांचा आहे आणि तो आपण कबूल केला पाहिजे.

२०१८ मध्ये हरित पक्षाची मते ४.४ टक्क्यांवर आली. २०१९ मध्ये फ्रिडोलिन मंत्रिपदावरून आणि प्रवक्तेपदावरून दूर झाले. त्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी खडा उचलला तो मनापासूनच. परंतु खाण कोणाची आणि ती कोणाच्या हुकमाने चालावी, हा प्रश्न ज्या राजकारणाने बाजूला ठेवला त्याच्या हाती अखेर तो खडाच उरला. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी नदी, जंगल वा हवा यांच्या रक्षणासाठी उभे राहताना प्रत्येक सभेत दोन प्रश्न विचारावेत: हे थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? आणि थांबविण्याची किंमत कोण मोजणार? हे प्रश्न विचारताच डावे आणि उजवे कोण, ते आपोआप वेगळे दिसू लागतील.