तेलावर तरंगणारी गाडी

‘कुठलं ऑइल टाकतोस?’ असं विचारलं की आपण ताठ मानेनं ब्रँड सांगतो. फुल्ली सिंथेटिक, बॉस! पण ते आत जाऊन करतं काय? ‘घर्षण कमी करतं’ हे शाळेतलं उत्तर झालं. खरी गंमत पुढेच आहे.

कारचा क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्यात सहसा छर्रे नसतात. असतात दोन गुळगुळीत अर्धगोल पट्ट्या आणि मध्ये तेल. 3000 आरपीएमला शाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो, प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 25 दणके देतो. तेही टनात मोजावेत असे! त्या क्षणी तेलाचा थर जेमतेम एक मायक्रॉनपर्यंत पातळ होऊ शकतो. आपला केस त्याच्या पन्नास-साठ पट जाड असतो.

मग हे वजन पेलतं कोण? मला वाटतं, दहातले नऊ जण म्हणतील, ऑइल पंप. चूक! पंप तेल फक्त दारापर्यंत पोचवतो. शाफ्ट फिरता फिरता ते तेल निमुळत्या फटीत ओढतो आणि तिथे पंपाच्या शेकडो पट दाब तयार होतो. पावसात एक्स्प्रेस-वेवर साचलेल्या पाण्यात वेगात शिरलेली कार तरंगते ना, तेच तत्त्व. तिथे ते जिवावर बेततं, इथे इंजिन वाचवतं.

हे कळलं तेही गमतीनंच. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला वर भोक पाडलं, तर तेल उलटं बाहेर यायला लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही हळूहळू बाहेर! 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर चालतं.

म्हणजे शाफ्ट फिरतोय तोवर थर आहे. थांबला की धातू धातूवर टेकला. म्हणून सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. पाच मिनिटं उभ्या उभ्या गाडी तापवायचीही गरज नाही. काही सेकंद थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर शहाण्यासारखे जा. फ्लायओव्हरच्या चढावर पेट्रोल वाचवायला टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हत नेऊ नका. तेव्हा आरपीएम कमी, दणका मोठा आणि थर सगळ्यात पातळ. गिअर उतरवा, कमीपणा नाही त्यात! ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच टाका.

आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर ‘ऑफिस दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशेब नको. गाडी सुरक्षित बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा. लेट मार्क परवडतो, इंजिनकाम नाही.