विचारणाऱ्याला हिणवू नका

मागच्या रविवारी नांदेडच्या विहारात वंदना आटोपल्यावर एक मावशी आमच्याजवळ आल्या. लातूरला पॉलिटेक्निकला असलेला नातू सुट्टीत घरी आला होता; पण पोरगं गप्प गप्प होतं. बाप हमाली करतो, आई धुणीभांडी. घरात कॉम्प्युटर शिकणारा हा पहिलाच.

आम्ही त्याला बाजूला घेऊन बसलो, तेव्हा बोलता झाला. त्याने लिहिलेला प्रोग्राम चालत नव्हता. जाणकारांच्या एका ऑनलाइन गटात त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला. उत्तर आले, "एवढेही कळत नसेल तर हे शिक्षण सोड." बाकीचे हसले. पंधरा दिवस झाले, पोराने त्या कामाला हात लावला नव्हता. मग हळूच म्हणाला, "काका, ते सगळ्यांनाच असे बोलतात, की माझे आडनाव बघून?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. त्या लोकांच्या मनातले आम्ही काय सांगणार? पण ही खोड जगभरची आहे. आपला अँड्रॉइड मोबाईल ज्या लिनक्सवर चालतो, ते लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिहायला घेतले, तेव्हा ते २१ वर्षांचे विद्यार्थी होते. पुढे हजारो लोक त्या कामात आले. कोणी चुकले की टोरवाल्ड्स चारचौघांत त्याची सालटी काढत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून रजा घेतली.

म्हणजे असे बोलणे अनेकांच्या वाट्याला येते. पण त्याचा मार सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्याचा बाप इंजिनिअर आहे, तो घरी जाऊन विचारतो. ज्याच्या घरात विचारायला कोणीच नाही, त्याचे एकुलते एक दार बंद होते.

तेच ते प्रश्न वाचून जाणकार कंटाळतात, हेही खरे. म्हणून पोरांनो, विचारताना आपण काय काय करून पाहिले, कुठे अडलो, पडद्यावर काय उमटले, ते जसेच्या तसे लिहा. समोरच्याचे काम हलके होते.

आणि आपण तरी कसे वागतो? आपली पोरे आज पुण्यात, बंगळूरला नोकरीला आहेत. गावाकडच्या पोराचा फोन आला की काहीजण "गुगलवर बघ" म्हणून ठेवून देतात. दूर कशाला, परवा आमच्या आईने मोबाईलवर फोटो कसा पाठवायचा ते विचारले, तर आम्हीच खेकसलो, "किती वेळा सांगायचं!" तिने पुन्हा विचारले नाही.

त्या पोरासाठी आम्ही आपल्याच वस्तीतल्या, पुण्यात काम करणाऱ्या एका मुलीला फोन लावला. तिने दहा-पंधरा मिनिटे शांतपणे ऐकून घेतले. प्रोग्राममध्ये एक कंस लिहायचा राहिला होता. एवढ्याशा कंसापायी पोरगं शिक्षण सोडायला निघालं होतं!

बाबासाहेबांनी शिकायला सांगितले. शिकायचे म्हटले की विचारणे आलेच. वेळ नसेल तर खुशाल गप्प राहा. पण विचारणाऱ्याला हिणवू नका. जयभीम.