इयत्ता नव्हे, पायरी

पाचवीतला नातू पुस्तक दिसताच उठून जात असेल, तर त्याला आळशी ठरवू नये. आधी दृष्टी तपासून घ्यावी. दोष नसल्यास, वाचता येत नाही हे सांगण्याची त्याला लाज वाटत असेल. ‘प्रथम’ या संस्थेच्या पद्धतीत मुलांचे गट इयत्तेनुसार नव्हे, तर आज काय वाचता येते त्यानुसार पाडतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आपणही शेजारची तीन-चार मुले जमवून हे करू शकता. प्रथम आपण ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचावे, मग सर्वांनी मिळून, शेवटी एकेकाने. अडखळल्यास लगेच शब्द सांगू नये. थोडा अवधी द्यावा. आणि मोठे मूल धाकट्यांच्या गटात बसले, तर त्याची इयत्ता कोणीही काढू नये.